विश्लेषण : भूल दिल्यावर हृदय अचानक का थांबायचे? मृत्यूंचा हिशेब मांडणारे डॉ. जॉन स्नो कोण होते?

शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ आज यंत्रावरची एक गोल चकती फिरवतात आणि रुग्णाच्या श्वासात भुलीच्या औषधाची वाफ किती टक्के जावी, हे ठरवतात. दोन टक्के म्हणजे दोनच टक्के. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हेच काम एका रुमालावर व्हायचे. रुमालावर क्लोरोफॉर्म ओतायचे, तो नाकाशी धरायचा आणि रुग्ण निपचित पडला की सर्जनने चाकू उचलायचा. बहुतेकदा सगळे सुरळीत पार पडे. पण मधूनच एखादा धडधाकट माणूस, दात काढायला किंवा बोटावरचे गळू कापायला आलेला, दोन-तीन मिनिटांत मरून जाई. का, ते कोणालाच कळत नव्हते.

या प्रश्नामागे आयुष्याची दहा वर्षे लावणारे डॉक्टर म्हणजे लंडनचे जॉन स्नो. हे नाव मोबाइलवर शोधले तर आधी एका गाजलेल्या मालिकेतला तलवारवाला तरुण समोर येतो. त्याला बाजूला सारले की कॉलरा आणि पाण्याचा पंप येतो. कॉलऱ्याचे काम मोठेच आहे, पण स्नो यांचे घर चालत होते ते भूल देण्याच्या व्यवसायावर. त्या कामाबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

मजुराचा मुलगा डॉक्टर कसा झाला?

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरात झाला. वडील मजुरी करत. नऊ भावंडांत जॉन थोरले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना न्यूकॅसलमधील विल्यम हार्डकॅसल या सर्जनकडे उमेदवारीला ठेवले गेले. तेव्हा डॉक्टर होण्याचा गरिबांसाठी तोच रस्ता होता. तिथेच १८३१ मध्ये किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत कॉलऱ्याची साथ आली आणि अठरा वर्षांचा हा मुलगा खाणकामगारांची शुश्रूषा करायला गेला. त्याच सुमारास त्यांनी मांसाहार सोडला. दारूलाही त्यांचा विरोध होता. लंडनमधल्या सहकाऱ्यांना पुढे हे सगळे जरा विचित्रच वाटे.

१८३६ मध्ये शिक्षणासाठी ते लंडनला आले, तेही बराचसा प्रवास पायी करून. १८३८ मध्ये सर्जनची परवानगी मिळाली, १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. सोहो भागात त्यांनी दवाखाना थाटला. रुग्ण फारसे येत नसत. बोलणे अडखळते, आवाज घोगरा, स्वभाव मितभाषी. वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीच्या सभांत ते उभे राहून मुद्दा मांडत आणि सुरुवातीला तर त्याची दखलही कोणी घेत नसे. पण श्वासोच्छ्वास हा त्यांच्या आवडीचा विषय होता. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळांना कसे वाचवावे, यावर त्यांनी १८४१ मध्येच निबंध वाचला होता. पाच वर्षांनी ईथर आले तेव्हा वायू, वाफ आणि फुप्फुस यांचा इतका अभ्यास असलेला डॉक्टर लंडनमध्ये शोधून सापडला नसता.

ईथर काहींवर चाले, काहींवर नाही, असे का?

ऑक्टोबर १८४६ मध्ये अमेरिकेतील बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. डिसेंबरमध्ये ती बातमी लंडनला पोहोचली आणि तिथेही प्रयोग सुरू झाले. स्नो यांनी डिसेंबरअखेर एका दंतवैद्याला ईथर देताना पाहिले. लंडनमध्ये त्या दिवसांत गोंधळच होता. एका रुग्णाला भूल उत्तम चढे, तर दुसरा अर्धवट गुंगीत आरडाओरडा करत उठून बसे. लवकरच काही सर्जनांनी ईथर बेभरवशाचे म्हणून नाद सोडायला सुरुवात केली.

स्नो यांनी ईथरऐवजी थर्मामीटरकडे पाहिले. द्रवाची वाफ किती होणार, हे तापमानावर ठरते. ईथर तर ३५ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. गोठणबिंदूजवळ ईथरने पूर्ण भारलेल्या हवेत त्याची वाफ साधारण पाव हिस्सा असते; २० अंशांना ती निम्म्याहून जास्त होते. शिवाय वाफ होताना ईथर स्वतः थंड पडते, त्यामुळे भिजवलेल्या स्पंजातून येणारी वाफ हळूहळू कमी होत जाते. म्हणजे जानेवारीतल्या गारठलेल्या खोलीत आणि शेकोटीने तापलेल्या खोलीत रुग्णाला एकाच उपकरणातून वेगवेगळा डोस मिळत होता आणि दोष मात्र रुग्णाच्या प्रकृतीला किंवा औषधाला दिला जात होता.

ईथर पाहिल्यावर तीन आठवड्यांच्या आत, जानेवारी १८४७ मध्ये, स्नो यांनी तापमान आणि वाफेचे प्रमाण यांचा तक्ता सोसायटीपुढे मांडला. मग स्वतःचे उपकरण बनवले. धातूची डबी, तिच्यात हवेला फिरत जायला लावणारी नागमोडी वाट, डबीभोवती ठरावीक तापमानाचे पाणी, श्वासाला अडथळा होणार नाही अशी रुंद नळी आणि नाक-तोंड झाकणारा झडपांचा मुखवटा. पाण्यामुळे तापमान स्थिर आणि तापमानामुळे वाफ स्थिर, एवढीच त्यामागची युक्ती. आजच्या भुलीच्या यंत्रातही तापमान बदलले तरी वाफेचे प्रमाण बदलू नये, अशी सोय असते.

सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांना दात काढण्याच्या रुग्णांवर काम करायची संधी मिळाली आणि लवकरच शहरातले नामवंत सर्जन त्यांना बोलावू लागले. त्याच वर्षी त्यांचे ईथरवरचे पुस्तक आले. त्यात त्यांनी गुंगीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. डोळे, श्वास, स्नायूंचा ताण पाहून रुग्ण कोणत्या पायरीवर आहे ते ओळखायचे. भुलीची खोली मोजण्याचा हा विचार नंतरच्या पिढ्यांनी वाढवला, पण सुरुवात इथली.

पंधरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने काय बदलले?

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिनबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणले. त्याचा वास गोड, थोडेसेच पुरे आणि उपकरणाची गरज नाही, रुमाल पुरतो. काही आठवड्यांत ईथर मागे पडले.

मग २८ जानेवारी १८४८ हा दिवस आला. न्यूकॅसलजवळच्या विनलटन गावातील हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतले होते. काही महिन्यांपूर्वी तशाच शस्त्रक्रियेसाठी तिला ईथर दिले गेले होते आणि ती सुखरूप होती. या वेळी कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म घेऊन तिच्या नाकाशी धरले गेले. ती घाबरलेली होती, रडत होती. नख काढायला सुरुवात झाली आणि तिने झटका दिला, चेहरा पांढरा पडला. तोंडावर पाणी मारले, ब्रँडी पाजली. सगळे मिळून तीन मिनिटांच्या आसपास. मुलगी गेली होती.

सिम्पसन यांचे म्हणणे असे की क्लोरोफॉर्म निर्दोष आहे. शुद्ध नसलेल्या मुलीच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतल्याने ती गुदमरली. स्नो यांना ते पटले नाही. त्यांच्या मते रुमालाचाच घात होता. साध्या खोलीच्या तापमानाला, २० अंशांना, क्लोरोफॉर्मने पूर्ण भारलेल्या हवेत त्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. रुमाल नाकापासून किती दूर, रुग्णाने श्वास किती खोल घेतला, यावर प्रत्यक्ष डोस ठरणार. तो देणाऱ्यालाही माहीत नसतो.

प्राण्यांवरचे त्यांचे प्रयोग या प्रकरणानंतर अधिक काटेकोर झाले. ठरावीक आकाराच्या बरणीत मोजून क्लोरोफॉर्म टाकायचे, म्हणजे टक्केवारी पक्की. त्यात उंदीर, ससा, पक्षी ठेवायचे आणि आधी काय थांबते ते पाहायचे. दिसले असे की, सुमारे चार-पाच टक्के वाफेत जास्त वेळ ठेवले तर प्राण्याचा श्वास आधी थांबतो. हृदय त्यानंतरही काही वेळ चालत राहते, म्हणजे वाचवायला अवधी मिळतो. वाफ आठ-दहा टक्क्यांवर गेली की हृदयच बंद पडते. कारणही त्यांनी लावले. फुप्फुसातून निघालेले रक्त थेट हृदयात येते. श्वासातली वाफ फार दाट असेल तर शरीरभर मिसळून विरळ होण्याआधीच ते भारलेले रक्त हृदयाच्या स्नायूला लकवा आणते. रुग्णाला किती क्लोरोफॉर्म दिले यापेक्षा एका श्वासात किती गेले, हे महत्त्वाचे. हा फरक त्या काळात अनेक मोठ्या डॉक्टरांच्या ध्यानात आला नव्हता.

प्रत्येक मृत्यूची नोंद

मला स्नो यांचे मोठेपण त्या बरणीपेक्षा त्यांच्या वह्यांत जास्त दिसते. जुलै १८४८ पासून शेवटच्या दिवसांपर्यंत त्यांनी भूल दिलेल्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. वय, आजार, शस्त्रक्रिया, सर्जन, काय दिले, रुग्ण कसा वागला, उलटी झाली का, नाडी कशी होती. तीन खंडांच्या या वह्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे जपलेल्या आहेत. क्लोरोफॉर्म त्यांनी चार हजारांहून अधिक वेळा दिले.

दुसऱ्या बाजूने, जगभरात क्लोरोफॉर्मखाली झालेल्या मृत्यूंचे वृत्तांत ते गोळा करत होते. असे पन्नास मृत्यू त्यांनी एकेक करून तपासले. क्लोरोफॉर्म कशावर दिले, श्वास आधी गेला की नाडी, शवविच्छेदनात काय दिसले. आज याला आपण क्लिनिकल रिसर्च म्हणतो आणि त्यासाठी समित्या, अर्ज, संगणक असतात. तेव्हा एक डॉक्टर आणि त्याची शाईची दौत एवढेच होते.

धोका माहीत असूनही क्लोरोफॉर्म का सोडले नाही?

हा प्रश्न स्नो यांच्या चाहत्यांना अडचणीत आणतो आणि तो टाळू नये. ईथरने हृदय असे एकाएकी थांबत नाही, ते अधिक सुरक्षित आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तरीही रोजच्या कामात ते क्लोरोफॉर्मच देत राहिले. कारण सोय. कमी लागते, लवकर चढते, सर्जनला आणि रुग्णाला तेच हवे असते. आपण प्रमाण सांभाळू शकतो, हा आत्मविश्वास त्यामागे होता आणि त्यांच्यापुरता तो बराच खराही ठरला. पण त्यांच्याइतका अभ्यास नसलेले शेकडो डॉक्टर तेच औषध रुमालावर देत होते. लंडनच्या सर्वात जाणत्या भूलतज्ज्ञाने ईथरकडे परत जायचे ठरवले असते तर कदाचित काही जीव वाचले असते.

सोय आणि सुरक्षितता दोन्ही देणारे औषध मात्र ते शोधत राहिले. अनेक द्रव्ये त्यांनी प्राण्यांवर, मग स्वतःवर तपासली. १८५६ मध्ये अमायलीन नावाचे द्रव्य आशादायक वाटले. २३८ वेळा दिले. त्यात १८५७ मध्ये दोन रुग्ण दगावले. स्नो यांनी दोन्ही मृत्यू जाहीर केले आणि अमायलीन कायमचे बंद केले.

राणीसाठी मात्र रुमालच

७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या आठव्या बाळंतपणात, राजपुत्र लिओपोल्ड यांच्या जन्मावेळी, स्नो यांनी क्लोरोफॉर्म दिले. ५३ मिनिटे, थोडे थोडे, दुमडलेल्या रुमालावर. होय, रुमालावर. बाळंतपणात शुद्ध पूर्ण घालवायची नव्हती, फक्त कळांची धार कमी करायची होती. त्यासाठी थेंबांचे मोजमाप पुरेसे होते. प्रसूतीच्या वेदना देवाने दिलेल्या आहेत, त्या कमी करू नयेत, असे म्हणणाऱ्यांचा आवाज यानंतर बराच खाली आला. १८५७ मध्ये राजकन्या बिअ‍ॅट्रिस यांच्या जन्मावेळीही स्नो यांनाच बोलावणे गेले.

भूलतज्ज्ञाला कॉलरा कसा उमगला?

याच वर्षांत ब्रॉड स्ट्रीटचा पंप येतो. कॉलरा दूषित हवेतून पसरतो, असे तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचे मत होते. स्नो यांना ते पटेना, कारण वायू कसे वागतात हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होते. वायू हवेत पसरला की विरळ होतो. दुर्गंधीतून रोग होत असता तर सर्वांत जवळ असणाऱ्यांना तो सर्वांत जास्त व्हायला हवा होता. तसे दिसत नव्हते. आणि रोग सुरू होत होता पोटात, छातीत नव्हे. १८४९ मध्ये त्यांनी पाण्याकडे बोट दाखवणारी पुस्तिका स्वखर्चाने काढली, १८५४ मध्ये सोहोतल्या साथीत घरोघर फिरून मृत्यू मोजले आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. त्यांच्या हयातीत हे मत सर्वमान्य झाले नाही.

अपुरे राहिलेले पुस्तक

दहा वर्षांच्या नोंदी आता एका ग्रंथात येत होत्या. क्लोरोफॉर्म आणि इतर भूलद्रव्यांवरचा हा ग्रंथ लिहीत असतानाच १० जून १८५८ रोजी स्नो यांना पक्षाघाताचा झटका आला. १६ जूनला ते गेले. वय अवघे ४५. लग्न केले नव्हते. शवविच्छेदनात मूत्रपिंडे आक्रसलेली आढळली. स्वतःवर केलेल्या प्रयोगांनी त्यात भर घातली असावी, अशी शंका नंतर अनेकांनी व्यक्त केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दोन-तीन ओळींची निधनवार्ता छापली. तिच्यात क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, कॉलऱ्याचा नव्हता. मित्र बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध केला.

पुढे लंडनमध्ये जोसेफ क्लोव्हर यांनी १८६२ मध्ये मोठ्या पिशवीत साडेचार टक्के क्लोरोफॉर्मची हवा आधीच भरून ठेवण्याची पद्धत आणली. ही थेट स्नो यांचीच वाट. एडिनबरोत मात्र सर्जन जेम्स साइम यांच्या शिष्यांचा नियम वेगळा होता. नाडीकडे पाहू नका, फक्त श्वासाकडे लक्ष द्या. श्वास नीट असेल तर हृदयाला काही होत नाही.

हैदराबादचा या वादाशी काय संबंध?

साइम यांच्या या नियमाचे कट्टर अनुयायी एडवर्ड लॉरी हे निजामाच्या हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन आणि तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. १८८८ मध्ये लॉरी यांनी निजामाच्या खर्चाने पहिला ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ नेमला आणि कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून निष्कर्ष काढला : क्लोरोफॉर्म हृदयाला थेट इजा करत नाही. ‘लॅन्सेट’ने शंका घेतली तेव्हा निजामाने हजार पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लंडनहून नामवंत वैद्य लॉडर ब्रंटन हैदराबादेत दाखल झाले. दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले आणि कौल लॉरी यांच्याच बाजूने दिला.

याच हैदराबादेत लॉरी यांच्या हाताखाली रूपाबाई फर्दुनजी या पारशी विद्यार्थिनी क्लोरोफॉर्म द्यायला शिकल्या आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी तिथे भूल देण्याचे काम केले. भूलशास्त्रातल्या जगातील सुरुवातीच्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते.

एवढे प्राणी, एवढा पैसा, आणि उत्तर अपुरे. आयोगाची चूक प्रयोगांच्या संख्येत नव्हती. क्लोरोफॉर्म भरपूर, सलग दिले की प्राण्याचा श्वासच बहुधा आधी थांबतो. ते त्यांनी बरोबर पाहिले. पण माणसे मरत होती ती निराळ्या वेळी, भूल चढता चढता, घाबरलेल्या अवस्थेत, किरकोळ शस्त्रक्रियेत. स्नो यांच्या पन्नास मृत्यूंची यादी जवळ ठेवून प्रयोग आखले असते तर हा फरक कदाचित ध्यानात आला असता.

मग उत्तर कोणाला मिळाले?

१९११ मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवले. क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना रक्तात अ‍ॅड्रिनलीन वाढले तर हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. रक्त पुढे ढकलले जात नाही आणि काही क्षणांत नाडी नाहीशी होते. अ‍ॅड्रिनलीन तर भीतीने आणि वेदनेने शरीरातच वाढते. रडणारी, घाबरलेली, पुरती गुंगीत न गेलेली हॅना ग्रीनर आणि तिच्या अंगठ्याला लागलेला चाकू डोळ्यांपुढे आणा. तिचा मृत्यू असाच झाला असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

म्हणजे स्नोही सगळेच बरोबर नव्हते. दाट वाफेने हृदय बंद पडते, हे खरे; पण हलक्या भुलीतही ते थांबू शकते, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात बसली नव्हती. थरथर पाहण्यासाठी लागणारे ईसीजीचे तंत्र त्यांच्या काळात नव्हतेच. घात हृदयाचा आहे, गुदमरण्याचा नव्हे, एवढे मात्र त्यांनी केवळ नोंदींच्या बळावर ओळखले होते.

क्लोरोफॉर्म विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे पडले. १९५६ मध्ये हॅलोथेन आले आणि भारतातील रुग्णालयांत ते अनेक दशके वापरले गेले. तेही हृदयाला अ‍ॅड्रिनलीनबाबत हळवे करते. त्यामुळे हॅलोथेन चालू असताना अ‍ॅड्रिनलीनचे इंजेक्शन किती द्यायचे, यावर भूलतज्ज्ञ आणि सर्जन आधी बोलून घेत. आणि हॅलोथेन कधी रुमालावर दिले गेले नाही. त्यासाठी तापमान सांभाळणारा, टक्केवारीची चकती असलेला व्हेपोरायझर जवळजवळ त्याच्याबरोबरच बाजारात आला होता.